मुदस्सिरभाईला तिमाही अहवाल

फरीज बिन ओमरान, दोहा
१९ जानेवारी २०२५

मुदस्सिरभाई,

सलाम लिहायला हात उचलत नाही, म्हणून तसंच सुरू करते.

गेल्या आठवड्यात माझी इद्दत संपली, नवऱ्यामागे घरात बसायचे चार महिने दहा दिवस. पुन्हा ऑफिसला जायला लागले. तू माझा नंबर ब्लॉक केलास, हनियाभाभीनेही केला, तेव्हा कागदावर लिहिण्यावाचून इलाज नाही. शेजारच्या रबियाचा नवरा हर्णैला चाललाय, त्याच्या हाती हे देतेय. तू घेतलंस की दारातून परत पाठवलंस, ते तो मला सांगेल. मराठीत लिहिते, म्हणजे तुझ्या मुलांना, हिबा आणि सुफियानला, वाचता येणार नाही. तेवढं अजून तुझ्यासाठी करते.

तुला माहीत असलेलंच लिहिणार आहे. कारण तू अम्मीला वेगळं सांगितलंयस असं कळलं. म्हणे इनायत ऑपरेशनला घाबरला, टाळत राहिला, आणि त्यातच गेला.

इनायत घाबरला नव्हता. ॲडमिट व्हायच्या दिवशी सकाळी तो दाढी करून, पांढरा सदरा घालून तयार होता. दुकानाच्या चाव्या त्याने कामगारांकडे दिल्या होत्या. हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या मुलीने कार्ड दोनदा घातलं, तिसऱ्यांदा घातलं, आणि म्हणाली, "सर, इन्शुरन्स नॉट ॲक्टिव्ह." मी तिथूनच तुला फोन लावला. आठवतं काय म्हणालास? "सिस्टीम डाऊन आहे गं. दोन दिवसांत क्लिअर होतं. घरी जा."

मी म्हणाले, "भाई, डॉक्टर म्हणतात हृदयाची झडप फार खराब झालीय. माझे दागिने आहेत, आम्ही पैसे भरतो, तू मागाहून परत दे."

तू म्हणालास, "अजिबात भरू नकोस. फायनान्स हेडच्या मेहुण्याने रोख पैसे भरले हे बाहेर कळलं तर उद्या सगळं दोहा माझ्या दारात उभं राहील. थांब म्हणतो ना!"

आम्ही थांबलो. इनायत तर तुझ्या शब्दावर हसत हसत थांबला. म्हणाला, घरचा माणूस आहे, करेल. त्यानंतरच्या शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाहून येऊन बूट काढायला तो दारात बसला, तो उठलाच नाही. सरकारी हॉस्पिटलच्या लोकांनी शर्थ केली. पण त्यांच्याकडे आम्ही पोचलो तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

महिन्याभरात तुझी विमा कंपनी बुडाली. तू त्याआधीच विमानात बसला होतास.

मी कुठे काम करते ते तुला ठाऊक आहे. तूच शब्द टाकला होतास. लुसैलच्या त्या बारा मजली टॉवरमध्ये, हमी निधीत. देशातली प्रत्येक विमा कंपनी थोडी थोडी वर्गणी भरते, आणि एखादी बुडाली की तिच्या लोकांचे दावे आम्ही भागवतो. मी रुजू झाले तेव्हा तू हसून म्हणाला होतास, "कब्रस्तानातली नोकरी आहे तुझी. कुणी मेल्याशिवाय काम नाही."

आता काम आहे, भाई.

रुकैया

११ मार्च २०२५

मुदस्सिरभाई,

पत्र तू घेतलंस, वाचलंस आणि चुलीत घातलंस, असं कळलं. घाल. मी पुन्हा लिहीन.

रोज्यांमुळे ऑफिस लवकर सुटतं, पण दाव्यांचे लोक सकाळपासून येऊन बसतात. परवा लता म्हणून एक बाई आली होती, नाशिककडची. तिच्या बाळंतपणात गुंतागुंत झाली होती, हॉस्पिटलचं बिल अजून डोक्यावर आहे. तुमच्या कंपनीचं कार्ड तिने पर्समधून काढून माझ्यासमोर ठेवलं आणि विचारलं, "ताई, हे आता टाकून देऊ का?" मी म्हटलं, "ठेवा, लागेल." ती उठून गेल्यावर मी बाथरूममध्ये गेले. रडले नाही. नूरैन म्हणेल की मम्मा हल्ली ऑफिसात रडते. तिचं ऐकू नकोस.

एक गोष्ट मी आजवर तुला बोलले नव्हते. इनायतचं कार्ड बंद पडलं त्याच आठवड्यात मी त्याच्या गोळ्या आणायला फार्मसीत गेले होते. पुढे हनियाभाभी उभी, हिबाचा दम्याचा पंप घ्यायला. तिने कार्ड दिलं. निळं कार्ड. तुमच्या कंपनीचं हिरवं असायचं. मशीनने एका सेकंदात घेतलं. मी विचारलं, "भाभी, हे कधी बदललं?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "जूनमध्ये. यांनीच बदललं. तुला सांगितलं नाही?"

त्याच उन्हाळ्यात इनायत म्हणत होता की दुसरी कंपनी स्वस्त देतेय, मी आणि दुकानातली पोरं तिकडे जातो. त्याच्या अल रय्यानच्या एसी दुरुस्तीच्या दुकानात तू स्वतः आलास. एसीच्या उघड्या युनिटवर बसून चहा प्यालास आणि त्याला म्हणालास, "इनायत, घरचा माणूसच बाहेर गेला तर मी लोकांना काय तोंड दाखवू?" त्याने तिथल्या तिथे पुढच्या वर्षाची पॉलिसी घेतली. पाचही पोरांची घेतली.

आपल्या मुलांना तू नावेतून उतरवलंस आणि माझ्या नवऱ्याला हात धरून चढवलंस.

आता ऐक, मी काय करते ते. दर तीन महिन्यांनी आमच्याकडून नियामकाला, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याला, अहवाल जातो. किती दावे आले, किती भागवले, किती बाकी आहेत, बुडालेल्या कंपनीच्या मालमत्तेतून काय परत आलं, आणि बाकीच्या कंपन्यांकडून अजून किती वर्गणी मागावी लागेल. वर्षाअखेरी तेच ऑडिट करून पुन्हा. त्यात एक कलम आहे. कंपनी बुडण्याआधी आतल्या माणसांनी काही काढून नेलं असेल आणि ते आमच्यापैकी कुणालाही कळलं, तर ते कळवावंच लागतं. "कळवता येईल" असं लिहिलेलं नाही. "कळवावे लागेल" असं आहे.

तू ऑगस्टमध्ये तुझी ग्रॅच्युइटी आणि दोन वर्षांचा बोनस उचललास. तेव्हा बाकीच्यांचे पगारही थकले होते. हे बुडालेल्या कंपनीचा हिशेब मिटवायला कोर्टाने नेमलेल्या लिक्विडेटरला माहीत आहे. पैसे गेले कुठे, तेवढं त्याला सापडत नाही.

मला माहीत आहे. हर्णैच्या बंगल्याचा स्लॅब टाकलास तेव्हा तू मलाच व्हिडिओ कॉल करून दाखवला होतास. "सगळं अम्मीच्या नावावर आहे," म्हणाला होतास. इनायतने माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि मुबारकबाद दिली होती.

रुकैया

२० एप्रिल २०२५

मुदस्सिरभाई,

काल अम्मीचा फोन आला. तू जवळ बसला होतास का? असशील. तिच्या बोलण्यात मधेमधे तुझे शब्द येत होते.

"अगो रुकैया, तू म्हणे भावाचं नाव सरकारात देणार?"

"अजून दिलं नाही."

"तुझा भाऊस हाय तो. तुझे अब्बा गेले तेव्हा तुझी कॉलेजची फी कोणी भरली?"

"भाईने."

"दोह्याला कोणी नेली तुला?"

"भाईनेच."

"मग?"

मी म्हटलं, "अम्मी, इनायत मेला."

 ती म्हणाली, "मौत अल्लाच्या हातात असते, पोरी. त्यात मुदस्सिर काय करणार? घर माझ्या नावावर हाय. तू नाव दिलंस तर मी कुठं जाऊ?"

तुझ्याकडे शब्द संपले की तू अम्मीला पुढे करतोस. लहानपणी काच फोडलीस तेव्हाही तिच्या मागेच लपायचास. पण बंगला तिच्या नावावर करताना तू तिचा विचार केला नव्हतास, भाई. आपल्या अंगाशी येऊ नये म्हणून म्हाताऱ्या आईला तू भिंत केलंस. मी ती भिंत पाडली तर दगड तिच्या डोक्यावर पडणार, हे तुला माहीत होतं. आणि मी थांबेन असं तू धरून चाललास. आधीही मी तुझ्या एका शब्दावर थांबले होते ना.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ स्वयंपाकघरात उभी होते. नूरैन आली. सगळं ऐकलं होतं तिने. ती समजते सगळं, बोलते मात्र इंग्रजीत. म्हणाली, "मम्मा, जस्ट डू इट. ही वुड हॅव."

मी म्हटलं, "नाही गं. तुझ्या पप्पांनी नसतं केलं. त्यांनी माफ करून टाकलं असतं."

"देन डू इट फॉर मी," ती म्हणाली.

आज सकाळी मी शैलजाताईंच्या केबिनमध्ये गेले. आमच्या मुख्य लेखाधिकारी, पुण्याच्या. सगळ्यांसमोर इंग्रजी, दार बंद झालं की मराठी. मी दार बंद केलं आणि सांगितलं की बुडालेल्या कंपनीचा फायनान्स हेड माझा सख्खा भाऊ आहे. नातं नोकरीच्या कागदांत पहिल्यापासून नोंदलेलं आहेच, पण आता या फाइलवर माझी सही नको. आणि मला एक निवेदन द्यायचंय.

त्यांनी ते सावकाश वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "रुकैया, खरं सांग. हा अहवाल आहे की सूड?"

"दोन्ही," मी म्हटलं. "तुम्ही बँकेकडून तपासून घ्या. एक आकडा खोटा निघाला तर फाडून टाका आणि मलाही काढून टाका."

त्या म्हणाल्या, "आणि सगळे खरे निघाले तर?"

"तर पाठवावंच लागेल. कलम आहे."

त्यांनी चष्मा पुन्हा घातला. शेवटी म्हणाल्या, "तुझी सही नसेल. माझी असेल. पण हे तुझ्या घरात पोचेल, तेव्हा मी तिथे नसणार. ते तुझं तुला बघावं लागेल."

रुकैया

४ मे २०२५

मुदस्सिरभाई,

अहवाल गेला. बँकेकडून सगळं ताडून आलं, पैशाचा प्रत्येक टप्पा. तू नियामकाला कळवायचास की अमुक रक्कम पुनर्विमा कंपनीकडून, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणारीकडून, आलीच आहे, आणि ती कधी आलीच नव्हती, तेही लिक्विडेटरने वेगळं नोंदवलंय. तुझा अहवाल खोटा होता म्हणून आम्ही सगळे त्या कंपनीत राहिलो. आमचा खरा आहे. त्यात तुझं पूर्ण नाव आहे, अब्बांच्या नावासकट. वाचताना अब्बांच्या नावाशी मी अडखळले. तेवढंच.

तुला वाटत असेल मला वाईट वाटतंय. त्या संध्याकाळी मी नूरैनला घेऊन समुद्राकाठी, कोर्निशला गेले, करक चहा घेतला, आणि कितीतरी महिन्यांनी मला चहाची चव लागली.

रुकैया

२४ ऑगस्ट २०२५

मुदस्सिरभाई,

हे पत्र पनवेलला पाठवतेय, तुझ्या सासऱ्यांच्या पत्त्यावर. कारण तू तिथे पळालास.

नोटीस हर्णैला अम्मीच्या नावाने आली. लिक्विडेटरच्या तिकडच्या वकिलाने पाठवलेली, इंग्रजीत. पोस्टमनने सही घेतली आणि गेला. तू ती बघितलीस, अम्मीला म्हणालास, "मामुली कागद आहे," आणि दुसऱ्या दिवशी बायकामुलांना गाडीत घालून निघालास. तिला सांगितलंस, हिबाच्या दम्याला समुद्राची हवा मानवत नाही. समुद्राकाठी जन्मलेल्या बाईला सांगितलंस हे!

त्या रात्री ती त्या एवढ्या मोठ्या घरात एकटी होती. सकाळी तिने रबियाच्या सासूला बोलावून व्हिडिओ कॉल लावून घेतला. चार महिन्यांत माझ्याशी ती एक शब्द बोलली नव्हती. स्क्रीनवर आधी नुसता कागद दिसला.

"वाच," म्हणाली. "यात काय लिवलंय?"

"अम्मी, भाई कुठाय?"

"तू वाच आधी."

मी वाचलं. एकेक ओळ वाचून मराठीत सांगितली. हे घर बुडालेल्या कंपनीच्या पैशातून बांधलंय, म्हणून ते परत द्यावं लागेल. या पैशाची मालकीण म्हणून ताहेरुन्निसाबाईंनी, म्हणजे तू, अमुक दिवशी सही केली, असं इथे म्हटलंय.

"मी कधी केली?" अम्मीने विचारलं.

"त्या कागदाची नक्कल जोडलीय, खाली सही आहे, अम्मी. तुझीच आहे."

"ती तर लायटीच्या मीटरची होती. मुदस्सिर म्हणाला, मीटर लावायचाय, सही कर."  मग तिने कागद बाजूला केला आणि पहिल्यांदा मला तिचा चेहरा दिसला. "रुकैया, इनायतला पण यानंच थांबायला सांगितलं होतं?"

"हो."

"तू मला हे आधी का नाय सांगितलंस?"

मी सांगितलं होतं. जानेवारीत, मार्चमध्ये, रबियाच्या सासूकडून निरोप पाठवून. पण ते तिला बोलले नाही. म्हटलं, "आता सांगतेय ना."

भाई, त्या क्षणी तू माझ्यासमोर असतास तर मी काय केलं असतं ते मला खरंच माहीत नाही. इनायतसाठी तुला धडा शिकवायचा होता मला. अम्मीसाठी काय करायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.

रुकैया

१६ नोव्हेंबर २०२५

मुदस्सिरभाई,

अम्मी दापोलीला जाऊन वकिलासमोर बसली. विचारल्याशिवाय बोलली नाही, विचारल्यावर काहीही लपवलं नाही. मीटरची गोष्ट सांगितली, आणि घर आपलं नाही, ज्यांचं आहे त्यांना द्या, असं लिहून दिलं. वकिलाने म्हणे तिला खुर्ची पुढे केली तेव्हा ती म्हणाली, "मला खुर्ची नको, मला इथून लवकर सोडा."

बंगला एका हॉटेलवाल्याने घेतला. पैसे लिक्विडेटरकडे आले, तिथून आमच्याकडे. या तिमाहीच्या अहवालात "मालमत्तेतून परत आलेली रक्कम" या ओळीत पहिल्यांदाच काहीतरी आहे. लताबाईंचं बिल भागलं. इनायतच्या दुकानातल्या पाच पोरांचे जुने दावे भागले. त्यांच्यातला एक पेढे घेऊन आला. मी खाल्ला नाही. घरी आणून नूरैनला दिला.

इनायतचा दावा नाही. ऑपरेशन झालंच नाही, मग बिल कुठलं? आमच्याकडे झालेल्या खर्चाचे पैसे मिळतात, न झालेल्या ऑपरेशनचे नाहीत. नियम बरोबर आहे. मीच लोकांना तो समजावून सांगते.

म्हणून त्याचा हिशेब मी नियमाबाहेर ठेवलाय.

रुकैया

१८ जानेवारी २०२६

मुदस्सिरभाई,

वर्षभरात तुझं पहिलं पत्र आलं. चार पानं. मी दोनदा वाचलं. तू लिहिलंयस की तुला झोप लागत नाही, हनियाभाभी माहेरी तुझ्याशी बोलत नाही, सासरे टोमणे मारतात. वरच्यांच्या दबावाखाली तू तसे आकडे दिलेस, आणि इनायतचं ऐकून तुला फार दुःख झालं. मग शेवटच्या पानावर मुद्द्यावर आलास. त्या अहवालानंतर दोह्यात तुझ्यावर फौजदारी तक्रार झालीय. घरातून हरकत नाही असं मी लिहून दिलं तर तुझा वकील समेटाचं बघेल. म्हणजे तुला पुन्हा गल्फमध्ये नोकरी करता येईल.

चार पानांत "माझ्यामुळे" हा शब्द एकदाही नाही. शोधला मी.

लिहून देणार नाही.

पण तुला बोलावतेय. नूरैनचं लग्न ठरलंय. मुलगा श्रीवर्धनचा, इथेच गॅस प्लांटवर इंजिनियर आहे. पुढच्या महिन्यात निकाह, इथल्याच हॉलमध्ये, साधा. मुलीकडून उभं राहायला घरचा एकही पुरुष नाही, तो का नाही ते तुला ठाऊक आहे. मुलाकडच्यांनी विचारलं, मामू आहेत ना? नूरैन म्हणाली, "ही'ज इन इंडिया." मी म्हटलं, येतील.

अम्मी डिसेंबरपासून माझ्याकडे आहे. आत्ता बाजूच्या खोलीत नूरैनच्या ओढणीला गोटा लावत बसलीय. मी तिला विचारलं, "भाईला बोलावू का? आला तर विमानतळावरच धरतील त्याला."

ती सुई चालवत राहिली. म्हणाली, "बोलव. पोलीस असू दे नायतर नसू दे. मला त्याचं तोंड बघायचंय."

"आणि नाही आला तर?"

"तर नाय आला म्हणून मला कळू दे."

तिकीट मी माझ्या पैशांनी काढलंय, मुंबई ते दोहा, एकेरी. सोबत जोडलंय. तुला वाटेल ही माझी चाल आहे. आहेच. तू माझ्या नवऱ्याला घरी थांब म्हणालास, मी तुला घरातून निघ म्हणतेय. इमिग्रेशनच्या काउंटरवर तुझा पासपोर्ट मशीनमध्ये जाईल आणि तो माणूस तुला बाजूला उभं राहायला सांगेल. तेव्हा तुला कोणाला फोन लावावासा वाटतो ते बघ. मलाच लावशील. मी उचलेन.

निकाहाच्या दिवशी तू हॉलमध्ये असशील की कोठडीत, ते माझ्या हातात नाही. कुठेही असलास तरी लग्नाचं जेवण मी स्वतः घेऊन येईन. बिर्याणी, सांदणं, अम्मीच्या हातची खीर. परवानगी लागेल ती काढीन, बाहेर थांबावं लागेल तेवढं थांबेन. तुझ्यासमोर बसून तुला पोटभर जेवायला घालीन.

तुझं जेवून झालं की इनायतबद्दल बोलू.

तुझी बहीण,
रुकैया